चाळीस दिवस टिकलेली फिल्म

"सर, तुम्ही मला चाळीस दिवस फसवलंत!" यशश्री केबिनमध्ये शिरली ती हेच बोलत.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात बडोद्याच्या प्रयोगशाळेत तिने पॉलिमरची फिल्म बनवली होती. फिल्म तापवून, हजारो व्होल्ट देऊन आतले रेणू एका दिशेला उभे केले, की लेझर पडताच हिरवा प्रकाश निघतो. रेणू विस्कटले, की तो मंदावतो. या फिल्मचा प्रकाश चाळीस दिवस तसूभर मंदावला नाही. सरांनी पेपर धाडला, पेढे वाटले.

एकेचाळिसाव्या दिवशी प्रकाश निम्म्यावर आला. तिने लेझर तपासला, आरसे पुसले, स्वतःचेच डोळे चोळले. काही म्हणता काही कळेना. आज प्रयोगशाळेचे शिपाई श्रीपतराव नातीचं लग्न उरकून कामावर आले आणि तिचा चेहरा बघून हळहळले.

"माझंच चुकलं, बेन. दोन दिवस तापवायची राहिली ना!"

"काय तापवायची?"

"तुमची फिल्म. रोज सकाळी तुम्ही यायच्या आत तापवतो, व्होल्टेज देतो, गार करून ठेवतो. दूध नाही का, रोज तापवलं की नासत नाही? सरांनीच शिकवलंय."

आता केबिनमध्ये सर चष्मा पुसत होते. "पेपर गेलाय, यशश्री. तुझंही नाव आहे त्यावर. शांत बस."

"बसते. फक्त एवढं सांगा, चाळीस दिवस मी मोजलं काय? रेणूंचं टिकणं, की श्रीपतरावांची हजेरी? बोला ना, सर!"