उरलेलं खत

सोसायटीच्या हिरवळीवर तण मारायचं औषध फवारून झालं आणि सेक्रेटरींनी कापलेलं गवत थेट खताच्या खड्ड्यात टाकायला लावलं. माळीकाका म्हणाले, "साहेब, हे औषध गवत कुजलं तरी जात नाही. लोकांची रोपं जगायची नाहीत." सेक्रेटरी हसले. "काका, कुजलं की सगळं खतच!"

खत घरोघरी फुकट वाटलं. महिन्याभरात बाल्कन्यांमधल्या टोमॅटोची पानं पिळवटली, घेवड्याचे शेंडे आखडले. आजोबा गेल्यापासून चार कुंड्यांमध्ये जीव रमवणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सुकलेलं रोप हातात घेऊन मीटिंगला आल्या. "अहो, बाजारातलं काही नको म्हणून तुमचं खत घेतलं हो मी!"

माळीकाकांनी त्याच खतात पेरलेला वाटाणा सगळ्यांपुढे ठेवला. कोंब वाकडेतिकडे आले होते. सेक्रेटरींची मान खाली गेली. "चुकलंच माझं. उद्यापासून हे खत कुणालाही मिळणार नाही," त्यांनी शब्द दिला. आजींना जरा बरं वाटलं.



दुसऱ्या दिवशी गेटपाशी वीस पोती विकायला मांडली होती आणि वर पाटी होती: 'सेंद्रिय तणनाशक. परिणामाची खात्री.'