दुसरी पापणी

बुसानमधल्या आपल्या दवाखान्यात डॉक्टर मिराननं आईच्या उजव्या पापणीवर प्लाझ्माच्या ठिणगीचे बारीक ठिपके दिले, तशी लोंबती कातडी आक्रसली. “आता नाचाच्या वर्गात कुणी आजोबा गाठलेस वाटतं?” “गाठले असते, सगळेच बहिरे निघाले. खपल्या कधी पडतील?” “आठवड्यात. घाई कसली?” “फोटो काढायचाय.” “कसला?” “मी गेल्यावर मांडायचा तो. लोक त्याच्यापुढे वाकणार आणि मी आपली पेंगलेली! बरं दिसतं?” “आई, असलं अभद्र बोलू नकोस.” “मोठ्या इस्पितळात पोट दाखवलं. यंदा शरदातल्या चुसोकच्या सणाला मी नसेन, म्हणाले तिथले डॉक्टर.” मिराननं ठिणगीचं यंत्र बंद केलं. गेल्या महिन्यात आई जेवत नाही म्हणून तीच रागावली होती. आईनं बोटानं डावी पापणी वर धरून लेकीकडे नीट पाहिलं. “थांबलीस का? ही पण कर की. नाहीतर लोकांना वाटेल, म्हातारी मेल्यावरही डोळा मारतेय.”