पाळकसाहेबांचा हात

उचगावच्या लुथरन चर्चमध्ये त्या रविवारपासून लहान मुलांनाही प्रभुभोजनाच्या वेळी वेदीपाशी बोलावणार होते; मोठ्यांसारखी भाकर नाही, डोक्यावर हात ठेवून नुसता आशीर्वाद. पाच वर्षांची तबिथा आईचा पदर घट्ट धरून रांगेत होती. दवाखान्यात पाळकसाहेबांनी पप्पांच्या डोक्यावर असाच हात ठेवला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा गेले. पुढची पोरं त्या हाताखाली मुकाट माना झुकवत होती. तिची पाळी आली. हात खाली येताच ती किंचाळली, “नगो! पप्पांवानी मला मारू नगा!” पांढरा झगा सावरत पाळकसाहेब गुडघ्यांवर बसले. “बरं, तू ठेव माझ्या डोक्यावर.” हात तिनं त्यांच्या टकलावर टेकवला, डोळे गच्च मिटले आणि वाट बघितली. हळूच एक डोळा उघडला. पाळकसाहेब जिवंत होते. तिनं विचारलं, “मग पप्पा कशानं मेलं?”