धरलेली जागा

“रक्त घ्याचं असन म्हनून हिले उपाशीच आनलं,” चंद्रभान बायकोकडे, साधनाकडे बघत म्हणाला आणि रिपोर्टांची पिशवी टेबलावर ठेवली.

यास्मीननं पिशवी तशीच बाजूला सरकवली. अमरावतीतल्या तिच्या समुपदेशनाच्या लहानशा खोलीत तपासायचा पलंग नव्हता, वजनकाटा नव्हता. तीन खुर्च्या होत्या आणि एक पंखा. चंद्रभाननं सगळीकडे नजर फिरवली. यंत्र कुठंच दिसेना.

“इथं रक्त घेत नाही, काका. मी गोळ्याही देत नाही. आपण फक्त बोलायचं.”

“बोलून त घरी बी पायलं आमी, मॅडम. हिची जाऊ बोलली, भाऊ बोलला. मामा अकोल्याहून येऊन बोलून गेला.”

“आणि काकू काय बोलल्या?”

चंद्रभान जरा अडखळला. “ही कुठं बोलते.”

यास्मीननं बाहेर सांगून चहा आणि बिस्किटं मागवली. साधनानं बिस्किट हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. यास्मीन तिच्याकडे वळून हळू आवाजात सांगू लागली. इथं बोललेलं या खोलीबाहेर जात नाही. जे सांगायचं नसेल ते सांगू नका. रडू आलं तर रडा, नाही आलं तरी काही बिघडत नाही. आज एवढंच, की मला तुमची ओळख व्हावी.

“काका इथं बसलेले चालतील तुम्हाला? नाहीतर ते बाहेर थांबतील.”

साधनानं मान वर केली. नवऱ्याला बाहेर बसवायचं का, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“बसू द्या,” ती म्हणाली.

मग चंद्रभाननंच सुरुवात केली. “ही रोज सकाळी दर्यापूरच्या स्टँडवर जाते. अमरावतीची गाडी फलाटाले आली का खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते. पोरीसाठी. पोरगी इथं कॉलेजात होती, बीएस्सीले. आचल.” तो खाली बघू लागला. “मागच्या भादव्यात डेंगूनं गेली. आता तिच्यासाठी जागा धरून काय करता? लोकं हासून रायले. कंडक्टर बिचारा काई म्हनत नाई, पन किती दिवस? तुमी काईबी करा, हे रुमालाचं तेवढं सोडवा.”

“रोज तीच जागा धरता, काकू?”

“खिडकीची,” साधना म्हणाली. “तिले खिडकी लागतेच. नाई त उलट्या होतात.”

“मग?”

“मंग गाडी निंगते. मी घरी येतो, भाकरी टाकतो.”

यास्मीननं घाई केली नाही. साधनाच्या हातातल्या बिस्किटाचा चुरा लुगड्यावर पडला. तिनं तो वेचून मुठीत घेतला.

“ताई, एक इचारू?”

“विचारा ना.”

“तुमच्याकडं येऊन मानूस इसरते काय?”

“कोण म्हणालं?”

“सारेच म्हनतात. अमरावतीची मॅडम सारं इसरवते म्हने. म्हनून मी येत नव्हतो.” तिचा आवाज बारीक झाला. “तिचे कपडे जावेनं वाटले. मोबाईल भाचा घेऊन गेला. खाट बी आता धान्याच्या पोत्याखाली हाय. मले तेवढी सकाळचीच घडी उरली. तेवढी नोका नेऊ, ताई.”

“नाही नेणार, काकू. विसरायला लावणं हे माझं काम नाही. तुम्ही सांगाल त्या आचलची मला ओळख करून घ्यायची आहे.”

“अन् रुमाल?” चंद्रभाननं विचारलं.

“तो कधी टाकायचा, कधी नाही, हे काकू ठरवतील.”

“वा! मंग इथवर येऊन उपेग काय झाला?” तो खुर्चीतच अर्धा उठला. “मॅडम, तुमी शिकले-सवरले लोकं. हे येडेपन हाय हे तुमाले दिसत नाई? मेलेल्या मानसासाठी कोनी जागा धरते काय?”

साधनानं त्याच्याकडे पाहिलं. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

“आज वलगावच्या मानसाले काय म्हटलं, ते सांगा न ताईले.”

चंद्रभान परत खुर्चीत टेकला.

“काय झालं वलगावला?” यास्मीननं विचारलं.

“त्याच सकाळच्या गाडीनं आलो आमी,” साधना नवऱ्याकडे बोट करत म्हणाली. “गाडी भरली होती. माह्या बाजूची खिडकी तेवढी रिकामी, रुमाल टाकलेली. यायले म्हटलं, बसा. नाई बसले. दर्यापूरपासून दांडा धरून उभे. वलगावले एक मानूस चढला, रुमाल उचलाले गेला. म्या काईच नाई म्हटलं. म्हटलं, जाऊ दे, आज उचलतच असन त उचलू दे.” ती थांबली. “यायनं त्याचा हात धरला.”

यास्मीननं चंद्रभानकडे पाहिलं. तो पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होता. सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

“काय म्हणालात त्याला, काका?”

त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि भिंतीकडे बघत, गाडीत कुणाला सांगावं तसं म्हणाला,

“म्हटलं, तिथं नोका बसू, भाऊ. पोरगी येऊन रायली.”