टिकलीची साक्ष

बिरूनं पट्टीवरची मेंढी बघितली आणि शाळेच्या दारातूनच तिला नावानं हाक मारली. चार महिन्यांपूर्वी कळपातून गेलेली त्याची टिकली औरंगाबादेहून आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हातात होती. नखाएवढी झाली होती, पण होती टिकलीच. काळंभोर अंग, कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान अर्धा.

डॉक्टरीणबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरांची नजर जवळच्या वस्तूवर नीट ठरते की नाही, एवढंच बघायला त्या कन्नडजवळच्या या गावात आल्या होत्या. पट्टीचं टोक पोराच्या नाकाशी टेकवायचं, पट्टीवरचं चित्र हळूहळू जवळ आणायचं, आणि एकाची दोन दिसायला लागली की पोरानं सांगायचं. धनगरांची पोरं मेंढीकडं मन लावून बघतील म्हणून त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून मेंढीचं चित्र घेतलं होतं. कातरताना कान उडाला. पांढरा ठिपका म्हणजे डिंक लागून निघालेला रंग होता.

पोरांनी मात्र जरा जास्तच मन लावलं. पहिल्याच पोरानं टिकली ओळखली आणि मग "दोन झाली" असं कुणी म्हणेना. मेंढी नाकाला टेकली तरी "दिसती, दिसती" चाललेलं. बाईंच्या वहीत सगळ्यांपुढं अंतर शून्य पडत गेलं आणि बातमी बिरूच्या घरी पोचली.

टिकलीची हकीकत गावात पाठ होती. दिवाळीनंतर बाजरी निघाली तेव्हा बिरूनं दरवर्षीप्रमाणे सांडू पाटलाच्या वावरात तीन रात्री मेंढरं बसवली. लेंड्यांचं खत वावराला आणि चार पायल्या धान्य धनगराला, अशी दोघांची तीस वर्षांची दोस्ती. बिरूनं जन्मात मेंढरं मोजली नव्हती. नुसती नजर फिरवली की त्याला कळायचं. पण औंदा नात बाना चौथीत गेली होती, शंभरापर्यंत न अडखळता म्हणत होती. त्यानं कौतुकानं तिला मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या तोंडाशी मोजायला उभं केलं. पहिल्या संध्याकाळी आत गेली एकसष्ट. चौथ्या दिवशी सकाळी बाहेर आली साठ. उरलेली एक सांडूनं खाल्ली, दुसरं काय?

कोणती खाल्ली, हे काही बिरूला आठ दिवस आठवेना. डोळ्यांपुढं कळप आणला की सगळी हजर. पण शाळा शिकलेल्या पोरीचा आकडा खोटा कसा म्हणायचा? मग त्याला आठवायला लागलं. आधी ठिपका आठवला, मग कान आणि संक्रांतीच्या सुमारास तिचं नावही. तेव्हापासून भाकरीचा पहिला घास तोंडात घालताना त्याचे डोळे भरून यायचे. इकडं पोरं सांडूच्या दारावरून जाताना बँ बँ करायची. सांडूनं चावडीवर बसणं सोडलं. आज शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून तो डॉक्टरीणबाईंना चहा द्यायला आला होता आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता.

बिरू पुढं झाला आणि ही पट्टी आत्ताच्या आत्ता कन्नडच्या ठाण्यात नेतो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं की हा नुसता छापील कागद आहे. मेंढी असल्याबिगर तिचं चित्र निघतं कसं, असं त्यानं विचारलं.

तेव्हा सांडूनं चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"तुझ्या नातीला इचार," तो म्हणाला. "मोजली तिनंच. ती म्हणली ही टिकली, तर मी गाव सोडतो."

बानाला पुढं बसवलं. साक्ष घ्यायची तर तपासणीच्या रीतीनंच घेऊ, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी पट्टी तिच्या नाकाशी टेकवली आणि मेंढी सरकवायला सुरुवात केली. मेंढी वीतभरावर आली. बिरूला धीर निघेना.

"बाने, हीच का आपली टिकली?"

"कंची आबा?" बाना म्हणाली. "दोन हायेत की."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. सकाळपासून कुणी खरं सांगितलं नव्हतं. त्यांनी बानाला जवळ घेऊन खोदखोदून विचारलं. सकाळी असं होत नाही, पण दमल्यावर संध्याकाळी होतं, बाना म्हणाली. पुस्तकातली ओळ फुटते. जाळीच्या तोंडाशी अंगाला घासून जाणाऱ्या मेंढराचीही एखाद्या वेळी दोन मेंढरं होतात.

"मला वाटलं, समद्यांनाच दिसत्यात," ती म्हणाली.

रोज थोडा व्यायाम केला की पोरीची नजर ठरेल, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. बिरूचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि कळपावरून नजर फिरवली, पूर्वी फिरवायचा तशी. सगळी हजर होती. कुणाचीच जागा रिकामी नव्हती. त्याला सांडूकडं बघायची लाज वाटली. तरी टिकलीसाठी डोळे भरून आले ते आलेच.

त्यानं हळूच विचारलं, ते चित्र मिळंल का. बाईंनी ते नखानं सोडवून त्याच्या तळहातावर ठेवलं. तसाच तो सांडूपुढं जाऊन उभा राहिला.

"सांजच्याला मेंढरं आण माझ्या वावरात," सांडूच म्हणाला. "किती हायेत?"

बिरू तळहाताकडं बघत राहिला.

"साठ," तो म्हणाला. "आन ही धरली तर एकसष्ट."