चक्रवाकांचा शेवटचा थवा

घाटमाथ्यावरच्या धरणाच्या काठाशी खानविलकर सर चिखलात पालथे पडून कॅमेऱ्याला डोळा लावून होते. मागे पक्षीनिरीक्षकांचा सगळा गट चिडीचूप. चक्रवाक पक्ष्यांचा चैत्रातला हा शेवटचा थवा, ऊन चढलं की हिमालयाकडे निघणारा. आणि सरांना स्पर्धेसाठी फोटो हवा होता.

गटातल्या एका तरुण आईच्या झोळीत आठ महिन्यांची लेक झोपली होती. मागच्या खेपेला लेक जराशी कुरकुरली, तर सर चारचौघांत म्हणाले होते, “वहिनी, हे पाळणाघर नव्हे. पोर मोठी होईतो घरी बसा.” सगळे फिदीफिदी हसले होते. ते हसू तिच्या कानांतून महिनाभर गेलं नव्हतं.

थवा पोहत सरांच्या समोर आला. तिची बोटं लेकीच्या टाचेवर गेली. एक चिमटा काढला की झालं. पण ती मऊ टाच हाताला लागली आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. सूड आपला, तर गळाही आपलाच हवा.

लेकीचे कान तळव्यांनी झाकून ती बेंबीच्या देठापासून ओरडली. अख्खा थवा उडाला.

“कुणाचं पोर ते?” सर चिखलासकट उठत गरजले.

“मी ओरडले, सर,” ती म्हणाली. “आणि हळू बोला, बाळ झोपलंय.”