रेंडर लागलंय

विश्वजीतने दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि सुलेखाचा पेन ड्राइव्ह आधी एकाला लावला, मग दुसऱ्याला.

"मॅडम, कंपनीचे आकडे सोडून द्या. तुमचीच फाइल दोन्हीकडं टाकलीय. दोघांना एकदम पळवू, मग बघा कोणता प्रोसेसर पुढं जातो."

क्रांती चौकातल्या त्या दुकानात भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सुलेखा स्टुलावर बसली होती. शेजारच्या खुर्चीत तिच्या सासूबाई, मनकर्णाबाई. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

सुलेखा छावणीतल्या घरी बसून बिल्डरसाठी चित्रं करायची. करमाडच्या बाजूला बंगले व्हायचे होते, अजून पायाही खणला नव्हता. नुसत्या नकाशावरून ती भिंती उभ्या करी, अंगणात झाडं लावी, व्हरांड्यात ऊन पाडी. शेवटी लॅपटॉपला ते सगळं एकत्र करून पक्कं चित्र काढायला सोडून द्यावं लागे. त्याला रेंडर म्हणतात. जुन्या लॅपटॉपला त्यात तासभर जाई आणि तेवढा वेळ त्याला हात लावता येत नसे. बिल्डर नानासाहेबांना ते परवडत नव्हतं. नवा घ्या, पळणारा घ्या, असा त्यांचा निरोप होता.

विश्वजीतने दोन्हीकडं एकदम सुरू केलं. दोन्ही पडद्यांवर खाली हिरवी पट्टी सरकू लागली.

"शर्यतच लावली की रं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"शर्यतच, आजी. हा डावीकडचा नवा प्रोसेसर. एकदम मक्खन. चहा सांगितला तर चहाच्या आधी ह्याचं काम होईल."

"आन् ह्यो?"

"हा पण चांगलाय. जरा निवांत आहे."

"मग निवांतच दे."

विश्वजीत हसला. "आजी, आजवर कुणी मला स्लो मागितला नाय. सगळे म्हणतात, वेळ वाचला पाहिजे."

"वाचलेला वेळ ठेवता कुठं तुम्ही?"

मॅडम काहीतरी बोलतील म्हणून विश्वजीतने स्टुलाकडं पाहिलं. सुलेखाचं डोकं मागच्या कपाटाला टेकलं होतं. डोळे मिटलेले. ओठ थोडे उघडे. हातातली पर्स घसरत घसरत गुडघ्यावर आली होती.

मनकर्णाबाईंना नवल वाटलं नाही. घरीही असंच होई. पहाटे उठून नवऱ्याचा शेंद्र्याच्या कारखान्यातल्या शिफ्टचा डबा, मग पोरांची शाळा, धुणं, दुपारपासून चित्रं, संध्याकाळी परत चूल आणि चित्रं. हिरवी पट्टी सुरू झाली की मात्र ती टेबलावर डोकं ठेवी. पोरं हाका मारू लागली, नवरा पाणी मागू लागला, की मनकर्णाबाई दारातूनच सांगत, "रेंडर लागलंय. तिला उठता यायचं नाय." रेंडर लागलं की माणसाला समोर बसून राहावं लागतं, असंच घरात सगळ्यांना वाटे. मनकर्णाबाईंनीच तसं सांगितलं होतं.

डावीकडचा लॅपटॉप टिंग वाजला.

"झालं! बघा मॅ—"

मनकर्णाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "दुसऱ्याचं चालू हाय ना अजून?"

"हो, पण निकाल तर लागला, आजी."

"लागू दे. त्यालाबी पोचू दे."

काउंटरवर सुलेखाचा फोन थरथरला. मनकर्णाबाईंनी तो झटकन उचलला आणि दुकानाच्या दाराशी गेल्या.

"व्हय, नानासाहेब. मी सासू बोलते तिची... ती कामात हाय... घेतला, घेतला. पळणाराच घेतोय... आजच? चारी बंगल्यांचं?... बरं. सांगते."

परत येऊन त्यांनी फोन पिशवीत खाली घातला, वर रुमाल ठेवला. खुर्ची न वाजवता बसल्या.

उजवीकडची पट्टी अर्ध्यावर होती. विश्वजीत उगाच एक चार्जर गुंडाळत राहिला.

"आमच्या गावात एकच गिरणी होती," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "नंबर लागायला दुपार जायची. पोत्याला टेकून आम्ही बाया अशाच झोपायचो. पीठ झालं तरी गिरणीवाला हाक मारायचा नाय. डबा बाजूला सारून दुसरीचं दळायचा. आता घरोघर घरघंट्या हायत."

"बरं झालं ना मग, आजी. हेलपाटा वाचला."

"पीठ लई बारीक येतं," त्या म्हणाल्या.

बाहेर चौकात रिक्षांचे हॉर्न चालले होते. सुलेखाची मान एकदा कलली, मनकर्णाबाईंनी आपला पदर घडी करून तिच्या आणि कपाटाच्या मध्ये सरकवला.

उजवा लॅपटॉपही टिंग वाजला. सुलेखाच्या पापण्या हलल्या आणि पुन्हा स्थिर झाल्या.

दोन्ही पडद्यांवर तोच बंगला होता. तेच कोवळं ऊन, तीच बोगनवेल. व्हरांड्यात वेताची एक ऐसपैस खुर्ची. खुर्चीत कुणी नव्हतं.

"डावाच बांधून देतो मग," विश्वजीत कुजबुजला. "मॅडमना उठवता?"

मनकर्णाबाईंनी सुनेकडं पाहिलं. मग पडद्यांकडं.

"पोरा, म्हातारीला काय नीट कळलं नाय बघ. परत एकदा लाव."

विश्वजीतने झोपलेल्या सुलेखाकडं पाहिलं. मग त्यानं डावीकडचा लॅपटॉप अलगद मिटला, उजवीकडच्याचा आवाज बंद केला, आणि हिरवी पट्टी पहिल्यापासून सुरू केली.